बदलापूर ते दादर, सुया आणि पुस्तक: दोन्ही जमवायचं कसं?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत सांगते, म्हणजे मला तो नीट कळलाय का ते तुम्हालाही दिसेल. बदलापूरहून दादरला नोकरी, जाऊन-येऊन अडीच तास लोकल. घरी चार वर्षांची मुलगी, सासूबाई, आणि शिफ्टमध्ये काम करणारा नवरा. रात्री ओटा आवरून अंथरुणाला पाठ टेकायला साडेदहा. विणकाम आईनं शिकवलेलं, वाचनाचा नाद कॉलेजपासूनचा, आणि आता दोन्ही बंद पडल्यात जमा. नवऱ्यासाठी विणायला घेतलेला स्वेटर तीन वर्षं पाठीच्या भागावरच अडकलाय. उशाशी पाच पुस्तकं आहेत आणि पाचांतही विसाव्या-पंचविसाव्या पानावर खूण. ‘बाकीच्या बायका दोन्हींसाठी वेळ काढतात तरी कुठून?’ असं तुम्ही विचारलंत. शिवाय दोन पुरवण्या जोडल्यात: विणता विणता वाचणं खरंच जमतं का, आणि तो अर्धा स्वेटर उसवून टाकावा का.

मी डोंबिवलीची. बँकेतल्या नोकरीची सगळी वर्षं याच लाइनवर गेली, आणि आता रविवारी सकाळी घरीच विणकामाचा वर्ग घेते. येणाऱ्यांत निम्म्या तरी तुमच्यासारख्याच, नोकरी आणि लहान मूल सांभाळणाऱ्या. त्यामुळे पुढे जे सांगतेय त्यातलं काही माझं आहे, काही त्यांचं पाहून शिकलेलं.

तुमच्याकडे वेळ नाही असं मला तरी दिसत नाही. वेळ आहे, पण सगळा सुट्या पैशांत: सकाळी सव्वा तास, संध्याकाळी सव्वा तास, कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत दहा मिनिटं, मुलगी झोपेपर्यंत तिच्याशेजारी पडून राहायची वीस मिनिटं. आणि त्यात घ्यायला निघालात काय, तर मोठ्या मापाचा पुरुषी स्वेटर आणि जाडजूड कादंबऱ्या. दर वेळी ‘कुठे होते मी?’ हे शोधण्यातच पहिली पाच-सात मिनिटं जातात. ती शोधाशोध एकदा नकोशी झाली की हात मोबाइलकडे जातो, कारण मोबाइल जिथून उघडाल तिथून सुरू होतो. तेव्हा माझ्या सगळ्या युक्त्यांच्या मुळाशी एकच नियम आहे: थांबलेलं काम पुन्हा सुरू करायला एका मिनिटाहून जास्त लागता कामा नये. ज्या कामाला लागतो, ते त्या वेळेतलं काम नव्हे, मग ते कितीही आवडीचं असो.

आधी जरा हिशेब करू. आपण केवढं काम अंगावर घेतलंय याचा बऱ्याच जणींना अंदाजच नसतो, आणि मग दोष स्वतःच्या आळसाला जातो. नेहमीची मध्यम जाडीची लोकर, जिला दुकानात डबल निटिंग किंवा डीके म्हणतात, ती 4 मिलिमीटरच्या सुईवर साधारण 10 सेंटिमीटरला 22 टाके आणि 28 ओळी देते. पुरुषाचा 100 सेंटिमीटर घेराचा, 60 सेंटिमीटर उंचीचा स्वेटर धरा. नुसती पाठ 110 टाके आणि 168 ओळी, म्हणजे साडेअठरा हजार टाके. पुढचा भाग जवळपास तेवढाच. दोन बाह्या मिळून एकोणीस-वीस हजार. एकूण पंचावन्न हजारांच्या पुढे. सवयीचा हात मिनिटाला पंचवीसेक टाके विणतो. म्हणजे झालं सदतीस तासांचं काम, त्यात जोडणी आणि गळा धरलेलाच नाही. रोज अर्धा तास दिलात तर अडीच महिने, आणि तेही एक दिवस न चुकता. तुम्ही तीन वर्षांपूर्वी तो विणायला घेतलात तेव्हा मुलगी एक वर्षाची होती. तो स्वेटर अडकला नसता तरच नवल.

आता बाळाचा स्वेटर घ्या, सहा महिन्यांच्या मापाचा. पाठ 55 टाके आणि 70 ओळी, पुढचे दोन भाग, दोन चिमुकल्या बाह्या. सगळं मिळून अकरा-साडेअकरा हजार टाके, म्हणजे साडेसात तास. रोज अर्ध्या तासानं पंधरा दिवस. आणि दोनशे पानांचं पुस्तक? पानाला दोन मिनिटं धरली तर पावणेसात तासांच्या आत संपतं. तुमच्या लोकलच्या अडीच तासांतला फक्त एक तास पकडा, अर्धा सुयांना आणि अर्धा पुस्तकाला: पंधरा दिवसांत एक बाळस्वेटर आणि एक पुस्तक. गर्दी, मेगाब्लॉक, मुलीचा ताप हे सगळं धरून महिनाभर म्हणा. तरीही हे तीन वर्षांच्या शून्यापेक्षा पुष्कळ आहे.

म्हणून माझा पहिला सल्ला असा की पुढचे सहा महिने फक्त लहान कामं घ्या. बाळंतविड्यातल्या वस्तू या कामी फार सोयीच्या: टोपरं, मोजे, बिनबाह्यांचं जाकीट, छोटं दुपटं. आपल्या ओळखीत कुणाकडे ना कुणाकडे बारसं असतंच, त्यामुळे ‘कुणासाठी विणू’ हा प्रश्न उरत नाही. फक्त माप नवजात बाळाचं धरू नका. बाळ मे महिन्यात जन्मणार असेल तर थंडीत ते सात महिन्यांचं असेल. त्या मापाचं विणा. बारशाला दिलेले कितीतरी सुंदर स्वेटर एकदाही अंगात न जाता कपाटात राहतात ते याच कारणानं.

आपल्या हवेचंही बघायला हवं. घामेजलेल्या बोटांत अ‍ॅक्रिलिकची लोकर चिकटते, टाका सुईवरून पुढे सरकत नाही आणि मनगट दुखायला लागतं. मार्चनंतर मी लोकर बाजूला ठेवते आणि सुती दोरा घेते. बाळाची कुंची, पोळ्यांच्या डब्यात घालायचं फडकं, पिशवी, असं काहीबाही. सुती दोऱ्याला लोकरीसारखी लवचिकता नसते, म्हणून त्याला धातूची गुळगुळीत सुई चांगली. बांबूची सुई हलकी असते, टाके पटकन निसटत नाहीत, त्यामुळे गाडीच्या हेलकाव्यांत लोकरीसाठी ती बरी पडते. हा शेवटी हाताच्या सवयीचा मामला आहे, दोन्ही वापरून बघा.

आता सकाळची गाडी. बदलापूरहून सुटणारी लोकल पकडत असाल तर बसायला मिळतं असं धरते. मिळत नसेल तर पुढचं सगळं उलटंपालटं होईल, ते नंतर सांगते. लेडीज डब्यात भाजी निवडणाऱ्या, स्तोत्र म्हणणाऱ्या, झोप पुरी करणाऱ्या अशा सगळ्यांना जागा असते, तशी विणणाऱ्यांनाही असते. पण तीन जणींच्या बाकावर चौथी बसली की कोपर हलवायला जागा राहत नाही. लांब सरळ सुया तिथे चालत नाहीत. शेजारणीच्या बरगडीत टोक जातं, आणि एक सुई सीटखाली गेली की ती दादर येईपर्यंत मिळत नाही. त्याऐवजी मधे लवचिक तार असलेली गोल सुई घ्या, 60 किंवा 80 सेंटिमीटरची. तिच्यावर गोलच विणायला हवं असं नाही. साध्या सुयांसारखं पुढे-मागे, ओळीओळीनं विणता येतं. विणलेल्याचं वजन तारेवर, म्हणजे मांडीवर राहतं आणि मनगटावर ताण येत नाही. कुर्ला आला, उठायची वेळ झाली, तर टाके तारेवर सरकवायचे, टोकांना रबराची टोपणं लावायची आणि पिशवीत टाकायचं. खोडरबराचा तुकडा टोचला तरी भागतं.

सुई घेताना नंबरावर जाऊ नका, मिलिमीटर बघा. आपल्याकडचे जुने नंबर ब्रिटिश पद्धतीचे आहेत. त्यात 8 नंबर म्हणजे 4 मिलिमीटर आणि 10 नंबर म्हणजे 3.25, नंबर वाढला की सुई बारीक होते. अमेरिकी नमुन्यांत नेमकं उलट, तिथे 8 नंबर म्हणजे 5 मिलिमीटर. इंटरनेटवरचा नमुना बघून ‘8 नंबर’ घेतला आणि सहा महिन्यांच्या बाळाचा स्वेटर भलत्याच मापाचा झाला, असं वर्गात दर वर्षी कुणाचं तरी होतं.

लोकर आपण बहुतेक जणी उजव्या हातात धरून सुईभोवती फिरवतो. डाव्या हाताच्या बोटावर घेऊन सुईच्या टोकानं ओढायची पद्धत गाडीत सोयीची, कारण उजवं कोपर जवळजवळ हलतच नाही. सवय व्हायला आठवडा-दोन आठवडे जातात आणि सुरुवातीला टाके सैल येतात. घरी एखाद्या तुकड्यावर हात बसला की मग गाडीत न्या.

आता ‘कुठे होते मी’चा बंदोबस्त. गाडीत ओळ अर्धवट सोडायची नाही, हे खरं तर मी नियम म्हणून सांगते. पण गर्दी रेटते तेव्हा नियम राहत नाहीत. मग एवढं लक्षात ठेवा: काम पुन्हा हातात घेताना गुंड्याकडे जाणारा धागा ज्या सुईला लटकतोय ती सुई उजव्या हातात. हे चुकलं तर तुम्ही आलात त्याच दिशेनं परत विणत जाता आणि एका बाजूला दोन ओळी जास्त होतात. पुढची ओळ सुलट की उलट, हे आठवत बसायची गरज नाही. साध्या विणीत, म्हणजे एक ओळ सुलट आणि एक उलट अशा विणीत, गुळगुळीत बाजू तुमच्याकडे असेल तर सुलट, उंचवटे असतील तर उलट. ओळी मोजायला दर दहाव्या ओळीच्या पहिल्या टाक्यात एक छोटी सेफ्टी पिन अडकवा. तीन पिना म्हणजे तीस ओळी, आणि वरच्या तीन-चार डोळ्यांनी दिसतात. ओळी मोजणारं अ‍ॅप वापरू नका असं मी मुद्दाम सांगते. अ‍ॅपसाठी मोबाइल हातात घेतलात की व्हॉट्सअ‍ॅपवर एक ठिपका दिसतो आणि पुढच्या चार ओळी गेल्या.

हे सगळं जमायला गाडीतलं काम बिनडोक असावं लागतं. सगळे टाके सुलट, किंवा एक ओळ सुलट आणि एक उलट, फार तर दोन सुलट दोन उलट. जाळीची वीण, वेणीची वीण, ज्यात कागद बघावा लागतो, ती गाडीत नाही. मुंढे घटवणं (बाहीच्या खाचेसाठी टाके कमी करणं), गळ्याचे टाके बाजूला काढणं, बाही जोडणं, यातलंही काही गाडीत नाही. मग ते करायचं कधी? रविवारी. माझ्या मते या सगळ्या उत्तरातला सर्वांत कामाचा भाग हाच आहे, म्हणून जरा थांबून सांगते.

आठवड्यातून एक तास, शक्यतो दिवसाउजेडी, तुम्ही फक्त ‘विचार करायचं काम’ करायचं. टाके घालून बॉर्डरच्या पहिल्या चार-सहा ओळी करून ठेवायच्या, कारण सुरुवातीच्या ओळीतच टाके पिळवटतात आणि मोजणी चुकते. ज्या भागाचे मुंढे आलेत ते घटवून टाकायचे. संपलेले भाग जोडायचे. पुढच्या आठवड्यात किती ओळी सरळ जायचं ते एका चिठ्ठीवर लिहून पिशवीत ठेवायचं, ‘खूण केलेल्या पिनेपासून 40 ओळी साध्या, मग थांब’ एवढंच. गडद निळी, काळी, चॉकलेटी लोकरही दिवसाच. रात्री ट्यूबलाइटखाली काळ्या लोकरीत सुटलेला टाका शोधणं ही शिक्षा आहे. चार वर्षांच्या मुलीला या तासात कामाला लावता येतं. लडीचा गुंडा करायचा असेल तर लडी तिच्या दोन हातांत अडकवा, दहा मिनिटं तरी ती आनंदानं धरते. पण सुया मात्र काम संपल्यावर तिच्या हाताला लागणार नाहीत अशा उंचावर.

हा तास मिळाला नाही तर आठवडाभराचं विणकाम कोलमडतं. म्हणून घरच्यांना तो आधीच सांगून ठेवा. ‘थोडं विणत बसते’ असं म्हटलं की दर पाच मिनिटांनी हाक येते. ‘अकरा ते बारा मी हे करणार आहे’ असं म्हटलं की कमी येते. सासूबाईंना विणकाम येत असेल तर अर्धं काम सोपं झालं. गळा आणि मुंढ्याचं त्यांना विचारा, त्या तास राखायलाही मदत करतील.

पुस्तकाचंही असंच. कादंबरीची पहिली तीस-चाळीस पानं एका बैठकीत वाचली की माणसं, गाव, नातीगोती डोक्यात बसतात, आणि मग पुढचं पुस्तक दहा-दहा पानांनी वाचलं तरी तुटत नाही. तुमची पाचही पुस्तकं विसाव्या पानावर अडकलीत याचं मला काही गूढ वाटत नाही. प्रत्येक पुस्तकाची सुरुवातच तुम्ही रात्री साडेदहानंतर, पेंगत, दोन-दोन पानांनी केलीय. एखाद्या रविवारी विणकामाचा तास सोडून द्या आणि त्यातल्या एकाच पुस्तकाची चाळीस पानं वाचून काढा. उरलेली चार डोळ्यांसमोरून हलवा, कपाटात ठेवा. ती उशाशी असली की रोज रात्री आपण नापास झाल्यासारखं वाटतं, बाकी त्यांचा उपयोग काही नाही.

संध्याकाळच्या गाडीचा स्वभाव वेगळा. दादरला बसायला मिळणं अवघड. ‘तुम्ही कुठे?’ विचारून कुणाची सीट सांगून ठेवलीत तरी ती ठाणे-डोंबिवलीनंतरच. एका हातात कडी आणि दुसऱ्या हातात पर्स असताना विणकाम शक्य नाही आणि पुस्तकही नाही. ही वेळ ऐकायची. स्टोरीटेलसारख्या अ‍ॅपवर मराठी पुस्तकं भरपूर आहेत, यूट्यूबवर अभिवाचनं आहेत. निवडताना पात्रांची गर्दी असलेली कादंबरी टाळा, कारण गाडीच्या आवाजात एक नाव निसटलं की मागे जाऊन शोधता येत नाही. आत्मकथनं, प्रवासवर्णनं, ललित लेख, किंवा पूर्वी एकदा वाचलेलं पुस्तक ऐकायला उत्तम. आणि एकच इअरफोन लावा, दुसरा कान मोकळा ठेवा. प्लॅटफॉर्म बदलल्याची घोषणा ऐकू आली नाही तर पुस्तक फार महागात पडतं. ऐकणं म्हणजे वाचन नव्हे असं काही जण म्हणतात. ज्यांना संध्याकाळी सहा पन्नासच्या गाडीत उभं राहावं लागत नाही त्यांनी तसं खुशाल म्हणावं.

घरी स्वयंपाकघरात विणकाम अजिबात नको. फोडणीचा वास लोकरीत बसतो तो बसतोच, आणि पांढऱ्या लोकरीवरचं हळदीचं बोट पुरतं निघत नाही. तिथे पुस्तक चालतं. कुकर लावलाय, कणीक मुरतेय, अशा वेळी एक लेख होतो. त्यासाठी दिवाळी अंकांइतकं सोयीचं काही नाही. मोठा आकार, ओट्याजवळ उघडा ठेवला की आपसूक मिटत नाही, आणि एकेक लेख वेगळा असल्यानं मागचं आठवावं लागत नाही. 1909 साली पहिला दिवाळी अंक काढणाऱ्यांच्या डोक्यात कुकरच्या शिट्ट्या नक्कीच नव्हत्या, पण सोय झाली खरी. आमच्याकडे दिवाळीचे तीन-चार अंक होळीपर्यंत पुरतात.

मुलीला झोपवतानाच्या वीस मिनिटांबद्दल मी काहीच सुचवणार नाही. ती तिची आहेत. तिला गोष्ट वाचून दाखवत असाल तर तेही वाचनच, आणि चार वर्षांच्या मुलांना तीच गोष्ट महिनाभर हवी असते हे गृहीत धरा.

आता तुमची पहिली पुरवणी, विणता विणता वाचणं. जमतं, पण अटी आहेत. हात न बघता चालायला हवेत. तो सराव असा: साधी सुलट ओळ विणताना पाच टाके बघून, पाच टाके खिडकीबाहेर बघत. मग दहा. डाव्या हाताच्या अंगठ्याला पुढचा टाका सुईच्या टोकाशी आलाय हे जाणवायला लागलं की झालं. लोकर एकसंध, गुळगुळीत पिळाची हवी. सैल पिळाच्या लोकरीत सुई धाग्याच्या मधोमध घुसते आणि न बघता ते कळत नाही. दुसरी अडचण पुस्तकाची. आपली बहुतेक पुस्तकं अशी घट्ट बांधलेली असतात की सोडली की मिटतात. वरच्या कडेला दोन मोठ्या क्लिपा, किंवा पानांवर आडवी स्टीलची पट्टी, असं काहीतरी लागतं. ई-रीडर किंवा टॅबलेट स्टँडवर ठेवला तर हा प्रश्न सुटतो, पान उलटायला बोट लावलं की पुरे. पण माझं स्पष्ट मत विचाराल तर डोळ्यांनी वाचत विणणं मला फारसं पटत नाही. दोन्ही अर्धवट होतं. चांगलं वाक्य आलं की हात थांबतात, आणि हात चालू राहिले तर वाक्य हातचं गेलेलं असतं. बातम्या, साप्ताहिकातले लेख, रविवारची पुरवणी, एवढ्यापुरतं ठीक. विणकाम आणि ऐकणं ही जोडी मात्र अस्सल आहे. हात सरळ ओळी विणत असतात, कान पुस्तकात, आणि डोळ्यांना विश्रांती. तुम्हाला सकाळी बसायला मिळत असेल तर त्या सव्वा तासात हेच करा. वर मी अर्धा-अर्धा तास असा हिशेब मांडला होता, तो या जोडीत आणखी सैल होतो.

कशावर काय अवलंबून आहे तेही सांगायला हवं. सकाळी बसायला मिळत नसेल तर गाडीतलं विणकाम सोडा, दोन्ही वेळा ऐका, आणि विणायला जेवणाच्या सुट्टीतली पंधरा मिनिटं घ्या. तेवढ्यात 55 टाक्यांच्या सहा-सात ओळी होतात. ऑफिसात जेवून झाल्यावर हात धुऊन, पुसून मगच. लॅपटॉपवर दिवसभर काम असेल तर अंगठ्याच्या मुळाशी आणि मनगटात आधीच ताण असतो. वीस-पंचवीस मिनिटांनी सुया खाली ठेवून बोटं पसरा, मुठी उघडा-मिटा. रात्री बोटांना मुंग्या येऊन जाग येत असेल तर विणकाम थांबवा आणि डॉक्टरांना दाखवा, तिथे नेट लावून चालत नाही. आणि आजारपण, परीक्षा, घरातलं कार्य असे महिने येतात जेव्हा दोन्ही बंद पडतं. तेव्हा पिशवीतली चिठ्ठी तेवढी तपासून ठेवा, की परत याल तेव्हा कुठून सुरू करायचं ते तिच्यावर आहे.

पुस्तकं विकत घेणंही थोडं आवरा. तुम्ही उतरता त्याच दादरला, पूर्वेला, मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय आहे, 1898 पासूनचं. वाचनालयाच्या पुस्तकाला परत करायची तारीख असते, आणि एका वेळी मोजकीच पुस्तकं मिळतात. तुमच्यासारख्या पाच पुस्तकांत अडकलेल्या माणसाला हे दोन्ही औषध आहे. लोकरीचंही तसंच. एक गाडीतलं काम आणि एक रविवारचं काम, त्यापलीकडे तिसरं सुईवर चढवायचं नाही. सेल लागलाय म्हणून लोकर घेऊन ठेवायची नाही.

राहिला तो अर्धा स्वेटर. उसवायच्या आधी तो सपाट अंथरून त्याची रुंदी मोजा, आणि नवऱ्याच्या अंगाला नीट बसणाऱ्या एखाद्या स्वेटरच्या पाठीशी ताडून बघा. तीन वर्षांत माणसाचं पोट बदलतं, आणि तुमच्या हाताचा ताणही. जुन्या भागावर आता चार ओळी विणून बघा. नव्या ओळी आधीपेक्षा उघड सैल किंवा घट्ट दिसत असतील तर पुढचा भाग पाठीशी जुळणार नाही. माप आणि ताण दोन्ही जुळत असेल तर ठेवा, पण त्याला रविवारचं काम म्हणा आणि पुढची दिवाळी धरू नका, त्यापुढची धरा. पाठीचा सरळ भाग उरला असेल तर तेवढा मधूनमधून गाडीत नेता येईल.

जुळत नसेल तर उसवा, हळहळू नका. उसवलेली लोकर कुरळी झालेली असते, तिचा तसाच गुंडा करून विणायला घेतलंत तर टाके वेडेवाकडे येतात. खुर्चीच्या पाठीभोवती गुंडाळत तिची लडी करा, चार ठिकाणी सैल दोऱ्यानं बांधा, कोमट पाण्यात थोडा वेळ बुडवून ठेवा, न पिळता टॉवेलमध्ये दाबून पाणी काढा आणि सावलीत वाळवा. बहुतेक कुरळेपणा निघून जातो. त्या लोकरीत, शिल्लक गुंडे धरून, मुलीचा एक पूर्ण स्वेटर सहज होईल, बॉर्डर वेगळ्या रंगाची घेतलीत तर उरेलसुद्धा. नवी लोकर जोडावी लागली तर दुकानात जाताना जुन्या गुंड्याचं लेबल घेऊन जा. रंगाच्या क्रमांकाबरोबर त्यावर डाय लॉटचा, म्हणजे एकत्र रंगवलेल्या खेपेचा, क्रमांक असतो. तीन वर्षांनी तोच लॉट मिळणं कठीण, आणि दुकानात सारखे वाटलेले दोन गुंडे उन्हात वेगळे दिसतात. तेव्हा नवी लोकर मधेच जोडू नका. बाह्या सबंध नव्या गुंड्याच्या करा, किंवा जिथे जुनी संपत येतेय तिथे दोन ओळी जुन्या, दोन ओळी नव्या असं पाच-सहा सेंटिमीटर विणा, म्हणजे सांधा दिसत नाही.